मिठागरांची खोटी नोंद

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतून मी दर सहा महिन्यांनी एक लेखसूची काढत असे. कोणत्या विषयावर कुणी, कुठल्या मासिकाच्या कुठल्या अंकात लिहिलंय, याची यादी. वाशीतल्या डीटीपीवाल्याशेजारी बसून मी ती ओळ न् ओळ तपासायची. तो बिचारा मला बघितलं की आधी चहा मागवायचा.

गोष्ट नव्वदीतली. अशा याद्या आणि वार्तापत्रं काढणारे आम्ही पाच-सहा ग्रंथपाल होतो. कुणी नेरूळचा, कुणी बेलापूरचा, कुणी पनवेलचा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी एकेकाच्या लायब्ररीत जमायचो. प्रत्येकाने आपलं नवं काम टेबलावर ठेवायचं आणि उजवीकडे सरकवायचं. ज्याची चूक सापडेल त्याने पुढच्या खेपेला सगळ्यांना बटाटेवडे आणायचे. माझ्यावर ही पाळी कधी आली नव्हती, आणि त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

मग उरणच्या एका छोट्या वाचनालयातली बाई येऊ लागली. पहिल्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत खुपली. स्वतःचं काही टेबलावर ठेवायची नाही, पण माझी सूची तिच्यापुढे आली की तिथेच अडायची. वही काढून भराभर उतरवून घ्यायची. कशाला, असं मी एकदा विचारलं, तर नुसतं ‘लागतंय’ म्हणाली. मी तिच्या वहीत डोकावले. खाडी, मासेमारी, मिठागरं, सगळं उरणकडचं. एक दिवस ही आपल्या नावाने उरणची सूची छापणार, याची मला खात्री पटली. त्याआधी एका मोठ्या संस्थेने माझं सबंध काम स्वल्पविरामासकट ढापलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

सूची करणाऱ्यांपाशी चोर पकडायची एक जुनी युक्ती असते. यादीत एक खोटी नोंद घालायची. जो ती छापेल त्याने उचललं, हे आपोआप सिद्ध होतं. पुढच्या अंकात मी ‘उरणची मिठागरे आणि तिथली माणसे’ असा एक लेख घातला. लेखक माझ्या डोक्यातला. मासिक खरं, पण कधीच बंद पडलेलं, आणि अंक असा निवडला की सहजासहजी कुणाला मिळू नये. तिने ती नोंद उतरवून घेतली तेव्हा मला आनंद झाला. अगदी उकळ्या फुटल्या.

दोन महिने ती आलीच नाही. छपाईत गुंतली असणार, मी मनात म्हटलं. तिसऱ्या बैठकीला आली ती उतरलेल्या तोंडाने, रिकाम्या हातांनी. तीन दिवस रजा टाकून ती उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईला गेली होती आणि तिथल्या जुन्या ग्रंथालयांत तो अंक शोधत होती. अंक सापडला. त्यात लेख नव्हता. आधीचा पाहिला, नंतरचा पाहिला, सगळं वर्ष चाळलं.

“मॅडम, तुमची नोंद चुकनार नाय,” ती मला म्हणाली. “मीच कुठं तरी कमी पडले.”

मग पहिल्यांदाच तिने सगळं सांगितलं. तिचे वडील जन्मभर मिठागरात राबलेले. न्हावा शेव्याचं बंदर आलं आणि मिठागर गेलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मिठाबद्दल कुणी काही लिहिलं असेल तर ही शोधून आणायची आणि संध्याकाळी वाचून दाखवायची. या लेखाचं नाव ऐकल्यापासून ते रोज विचारत होते. त्यांच्या मिठागराचं नाव त्यात असेल, अशी त्यांना आशा होती.

टेबलाभोवती लगेच हालचाल सुरू झाली. नेरूळवाल्यांनी त्या मासिकाचे दिवाळी अंक बघायचं कबूल केलं. पनवेलचे गृहस्थ पुण्याच्या मित्राला पत्र लिहिणार होते. नोंद चुकली असेल, असं एकाच्याही मनात आलं नाही. मी पाणी प्यायले. हातातला पेला खाली ठेवला आणि म्हटलं, शोधू नका, तो लेख नाहीच. तो मी रचलाय.

कुणी वड्यांचं नाव काढलं नाही.

“कशाला?” तिने विचारलं. मला तुमचा संशय होता, हे मला तिच्या तोंडावर सांगावं लागलं. तिने वही मिटून पिशवीत टाकली. “बाबांना मी नाय सांगनार,” ती म्हणाली. “तुमीच या.”

पुढच्या रविवारी मी उरणला गेले. न्हावा शेव्याच्या ट्रेलरांमागे बस रखडली आणि मला बरंच वाटलं, तेवढाच उशीर. वडील ओट्यावर बसले होते. मुलीने मला पाणी दिलं आणि आत निघून गेली. मी त्यांना काही न लपवता सांगितलं, अगदी त्यांच्या मुलीला मी चोर समजले होते इथपर्यंत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे आमच्या मिठागरावर कुनी लिवलंच नाय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही.