लॅमिनेशन केलेला भाडेपट्टा

“मॅडम, शेरा मारू कुठं?” क्लार्कनं दस्तावर नख वाजवलं. टकटक आवाज आला. दस्त लॅमिनेट केलेला होता.

माझ्या शेजारी वाघमारे गुरुजी उभे होते. सगळी नोकरी किनवटकडच्या आश्रमशाळेत काढून निवृत्त झालेले. नांदेडातला दोन खोल्यांचा फ्लॅट एवढीच त्यांची मालमत्ता, आणि मी त्यांची वकील. फ्लॅट गुरुजींचा, पण खालची जमीन या सरकारी कार्यालयाची, तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं म्हणजे लीजवर दिलेली. मुदत संपायच्या आत अर्ज करून ती वाढवून घ्यायची असते. नाही घेतली, तर कार्यालय जागा परत मागू शकतं. आठवण करून देणारी नोटीस गुरुजींच्या शाळेच्या जुन्या पत्त्यावर गेली आणि तिथंच पडून राहिली. आता नऊ दिवस उरले होते.

या कार्यालयाची रीत अशी, की मुदतवाढीचा शेरा मूळ दस्ताच्या पाठीवर मारायचा. प्लास्टिकवर ना शाई टिकते ना शिक्का.

“नकलेवर मारा की,” मी आवाज चढवला.

“रजिस्ट्रीतून नक्कल आणा, मूळ दस्त कसा खराब झाला ते ॲफिडेव्हिटवर लिहून द्या. मग साहेब बघतील. तोवर अर्ज घेता येत न्हाई.”

दस्ताच्या कोपऱ्यावर गुरुजींचा अंगठा घट्ट दाबलेला होता.

घरी त्यांच्या पत्नी, शकुंतलाबाई, दारातच उभ्या होत्या. “ताई, आमाला भाईर काढतेत का हो? या वयात कुठं जावं आमी?”

“कोण काढतंय!” मी म्हटलं. मी घाबरले की माझा आवाज मोठा होतो, हे नशिबानं त्यांना ठाऊक नव्हतं.

नक्कल मिळायला वेळ लागणार, म्हणून मी गुरुजींना घेऊन लॅमिनेशनवाल्याकडं गेले. दस्त त्यांच्याच हातात होता, अंगठा कोपऱ्यावर तसाच. दुकानदारानं ड्रायरनं कोपरा गरम केला आणि प्लास्टिक हळूच उचललं. त्याबरोबर शिक्क्याची निळी शाईही उचलून आली.

“थांबा!” मी ओरडले.

दस्त ओढून घेतला, तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात, गुरुजींच्या अंगठ्याच्या जागी, एक चिठ्ठी दिसली. दस्ताबरोबर तीही लॅमिनेट झालेली. अक्षर ओळखीचं होतं. ‘गुरुजी, ही मूळ प्रत. लॅमिनेशन करून जपून ठेवा.’ खाली माझी सही.

वकिलीच्या पहिल्याच वर्षी, तीस वर्षांपूर्वी, हा दस्त मीच नोंदवून दिला होता; मी ते साफ विसरले होते.

“गुरुजी, तुम्ही बोलला का नाहीत?”

“चारचौघांत तुम्हाला कमीपणा आला असता.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग खरी भीती वाटली. हा सल्ला मी किती जणांना दिला होता? विचारणाऱ्या प्रत्येकाला. तोही ठासून.

रजिस्ट्रीत, म्हणजे दस्त नोंदणीच्या कार्यालयात, तीस वर्षांपूर्वीचं नोंदींचं पुस्तक सापडेना. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिथला बाबू म्हणाला, “शोधून राहिलो ना मॅडम, काही पुस्तकं पाण्यात भिजलेत.” त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या एका चिठ्ठीपायी दोन म्हातारी माणसं बेघर होणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. आठव्या दिवशी दुपारी पुस्तक सापडलं. कडा कुजल्या होत्या, पण आमचं पान शाबूत होतं. संध्याकाळी प्रमाणित नक्कल हातात पडली.

ॲफिडेव्हिट मी दोन लिहिली. गुरुजींचं एक आणि माझं एक. माझ्यात सरळ लिहिलं: दस्त माझ्या सल्ल्यावरून लॅमिनेट केला, चूक माझी.

शेवटच्या दिवशी साहेबांनी ते दोनदा वाचलं. “वकीलबाई, हे स्वतःविरुद्ध लिहून देताय?”

“हो, साहेब.”

त्यांनी अर्ज घेतला. महिन्याभरात मुदतवाढ झाली, शेरा नकलेच्या पाठीवर बसला. शकुंतलाबाईंनी तो कागद कपाळाला लावला आणि पहिल्यांदा मोकळेपणानं रडल्या.

त्यानंतर मी जुन्या फायली काढून एकेका अशिलाला फोन करत बसले. अजून पुरे झालेले नाहीत. जे “हाव, तेव्हाच केलं की लॅमिनेशन” म्हणतात, त्यांची नक्कल आत्ताच काढून घेते.

मुदतवाढीचा कागद दिला त्या दिवशी मी निघताना गुरुजींनी खिशातलं पेन काढलं, वही उघडली. “बाई, हा नवा कागद कसा ठेवू? सांगा, लिहून घेतो.”

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं.

“विचारून सांगते, गुरुजी.”