अण्णांची घोडी

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, उभ्या जन्मात घोडीवर चाबूक उगारला नाही. वरातीसाठी घोडी पाळणाऱ्या माणसाबद्दल हे सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसा. अण्णा आता नाहीत, आणि मला भांडायचंही बळ राहिलेलं नाही.

चांदी शिंगरू असल्यापासून त्यांच्याकडे. दोर जरासा ताणायचा आणि थांबायचं. तिनं एक पाय पुढं टाकला की त्याच क्षणी दोर सैल. "वढाया कुणालाबी येतं," अण्णा म्हणायचे. "तिनं ऐकलं की लगेच सोडलं पायजे. तवा तिला कळतं, आपलं बरोबर हाय."

डीजेच्या आवाजाची सवय लावायला त्यांनी मला जुंपलं. नवी सून मी, आणि भरदुपारी अंगणात परात बडवतेय! चांदीनं मान खाली घातली की बडवणं बंद. शेजारणींना वाटायचं, घरात भांडण पेटलंय. अण्णा मात्र खूश. "सूनबाई, लय भारी हात हाय तुझा." माझ्या स्वयंपाकाचंसुद्धा कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं.

मग त्यांची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी गवताची धूळही बंद केली. नवरा सिन्नरला कंपनीत, मला एकटीला घोडी झेपेना. सटाण्याचा एक वरातवाला तिला न्यायला तयार झाला. पण चांदी टेम्पोला भयंकर भ्यायची, आणि तिला मारून चढवतील म्हणून अण्णांचा जीव तुटायचा. त्यांनी ओळखीचा टेम्पो दारात उभा करून घेतला, धुळीपायी स्वतःच्या तोंडाला फडकं बांधलं आणि तिला फळीवरून चढायला शिकवू लागले. आपल्याच हातानं तिला घराबाहेर पाठवायची तयारी. मधेच खोकल्याची उबळ आली की ते फळीवर बसायचे, चांदी बाजूला उभी राहायची. त्या दिवसांत मला त्यांच्याकडे बघवत नसे.

न्यायच्या सकाळी अण्णांनी दोर सटाणेवाल्याच्या हातात दिला. "तिनं पाय उचलला की ढील दे, बाबा."

चांदी शांतपणे चढली.

"गुणी शे हो घोडी," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला.

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. मला तिचा संताप आला. टेम्पो सुरू झाला तशी मी हाक मारायला तोंड उघडलं, तर अण्णांनी माझा हात धरला.

"हाक नगं मारू. बावरंल ती."

मी नाही मारली. टेम्पो हायवेला लागून दिसेनासा झाला, तेव्हा अण्णांनीच मारली. "चांदे..." इतक्या हळू, की शेजारी उभ्या असलेल्या मलाही ती जेमतेम ऐकू आली.