चेनकव्हरवरचा ओरखडा

पाइनेम पडवीत आली आणि तिला वाटलं, आपल्या सायकलऐवजी कोणीतरी दुसरीच आणून ठेवली. काळीभोर, लखलखीत, चेहरा दिसेल अशी. शेजारी जावई हांतोरो चिंधीने हात पुसत उभा होता.

"बू, बघा, ओळखता येते का?" तो पाइनेमला बू, म्हणजे आई म्हणायचा.

"नाही येत," सासूबाई म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

हांतोरोला ती शाबासकी वाटली. बांतुलच्या एका गॅरेजात तो मोटारींना रंग मारायचा आणि त्याचा हात चांगला होता. ब्रेक नीट करतो असं सांगून त्याने सायकल नेली होती आणि आठवडाभर काम सुटल्यावर तो तिच्याशी झटत होता.

"पोचे सगळे पुट्टी भरून बुजवलेत. जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडला. रविवारी सगळे तुमच्याच सायकलकडे बघत बसतील."

"ते तर बसतीलच," पाइनेम म्हणाली.

तरुणपणापासून केस पांढरे होईपर्यंत तिने याच सायकलवरून योग्या शहराच्या बाजारात तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या नेल्या. पहाटे केळीच्या पानात बांधलेल्या या वड्यांच्या दोन टोपल्या मागे लटकवायच्या आणि निघायचं. नवरा पार्तो गेला आणि बाजारही सुटला. मग एकदा रस्त्यात निवृत्त तिकीट-क्लार्क कुंचोरो यांनी तिला थांबवलं आणि आपल्या जुन्या सायकलींच्या मंडळात ओढलं. मंडळात बहुतेकांनी सायकली हौसेने विकत घेतलेल्या. जन्मभर राबलेली अशी हिचीच.

मंडळ रविवारी निघायचं. पट्ट्यापट्ट्यांचे सुती सदरे, डोक्याला बांधीव टोप्या, आणि वेग सगळ्यांत हळू चालवणाऱ्याचा. विसाव्याला एकजण गोष्ट सांगायचा. नियम एकच: सायकलवरच्या एखाद्या खुणेवर हात ठेवून सांगायची. खूण नसेल तर ती बढाई, आणि बढाईला हुर्यो. म्हणूनच जुन्या रंगाला कोणी धक्का लावत नसे.

या रविवारी पाळी पाइनेमची होती. चेनकव्हरवरच्या ओरखड्याची गोष्ट तिने इतके दिवस राखून ठेवली होती. ती पार्तोची होती.

"आई, तुला आवडली नाही ना?" लेक रिनीने चुलीपाशी विचारलं.

"हळू बोल. तो अंघोळ करतोय."

"मी सांगते त्याला."

"खबरदार. आठवडाभर पाठ मोडून घेतलीये त्याने. मी माझी पाळी दुसऱ्याला देईन."

रविवारी हांतोरोही कोणाची तरी सायकल मागून बरोबर आला. कौतुक ऐकायचं होतं त्याला. कुंचोरो पाइनेमच्या सायकलभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी घसा खाकरला.

"छान. छान चमकते."

"डोळे दिपतात," शाळामास्तर सुगेंग म्हणाले. त्यानंतर कोणीच कोणाकडे बघितलं नाही. तोंडावर वाईट बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

प्रोगो नदीच्या पुलाजवळच्या टपरीवर मंडळी टेकली. आल्याचं गरम पाणी आलं, केळ्याची भजी आली. सवयीने कोणीतरी "खूण दाखव, मग बोल" म्हणायला तोंड उघडलं आणि जीभ चावली. पाइनेमचा हात आपोआप चेनकव्हरवर गेला आणि गुळगुळीत पत्र्यावरून घसरला.

"आज राहू दे," ती म्हणाली. "सुगेंग सांगतील."

"का राहू दे, यू?" मंडळात सगळे तिला यू, म्हणजे थोरली बहीण म्हणत. कुंचोरो उठले. "मी दर वेळी विचारायचो, हा ओरखडा कसला, आणि तुम्ही म्हणायचात, सांगेन कधीतरी. इथे होता. नाही, जरा खाली."

"खाली नाही, पुढे," सुगेंग म्हणाले. "पेडलच्या वर. माशासारखा."

"तुमच्या चष्म्याला मासा दिसला असेल. चांगला होडीसारखा होता."

"होडीला शेपूट असतं का?"

नव्या रंगावर चार बोटांचे डाग पडले, तेव्हा कुठे जागा ठरली. "ठेवा हात," कुंचोरो म्हणाले. "आम्ही साक्षीला आहोत."

पाइनेमने हात ठेवला.

"याच पुलावर मी कठड्याला घासले आणि पडले. तेम्पे रस्ताभर. खाली नदीत एकजण वाळू उपसत होता, तो वर आला. सगळं गोळा करून दिलं आणि एक वडी माझ्यासमोरच खाल्ली. म्हणाला, ही फुटली होती. दुसऱ्या दिवशी पुलावर हजर. 'आज काही पडलं का?' मग रोजच. आमचे लोक कंटाळले आणि लग्न लावून दिलं. लग्नानंतरही मी बाजारातून आले की दारात हेच विचारायचा."

मंडळी हसली. सुगेंग यांनी चष्मा काढून पुसला. हांतोरोच्या हातातलं भजं तसंच राहिलं होतं.

परतताना तो तिच्या बाजूने चालवत होता.

"बू, तो ओरखडा मीच घासला. पॉलिशपेपरने. जाता जात नव्हता."

"चिवट होता."

"मग बोलला का नाहीत?"

"रंग चांगला लावलायस. आता गंज चढायचा नाही." ती एका झाडाखाली थांबली आणि उतरली. "पण हे काय रे?"

सीटखालच्या नळीवर, नीट पाहिलं तरच दिसेल असा, अंगठ्याचा ठसा उमटला होता. हांतोरो वाकला आणि त्याचे कान लाल झाले.

"वाळला का ते बघत होतो. गॅरेजात असं झालं असतं तर मालकाने पुन्हा सगळं करायला लावलं असतं. आज घरी गेल्यावर घासून देतो."

"हात लावून तर बघ. पुढच्या पाळीला मी सांगू काय?"

बाकीचे बरेच पुढे गेले होते. वळणावर कुंचोरो एक पाय टेकून थांबले होते.

"यू," त्यांनी लांबून विचारलं, "काही पडलं का?"

"काही नाही," पाइनेम म्हणाली, आणि तिने पेडलवर पाय ठेवला.