मास्तरांची पट्टी

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. नव्वदच्या दशकात मुलीला घेऊन राजारामपुरीतल्या गाण्याच्या शिकवणीला जायचो, तेवढाच संबंध. शिकवणाऱ्यांना सगळे नुसतं मास्तर म्हणायचे.

नवा माणूस आला की मास्तर आधी त्याला गप्पांत ओढायचे. तो बोलत असताना पेटीवर हळूच एकेक सूर दाबून बघायचे आणि त्याच्या गळ्याला झेपेल ती पट्टी ठरवायचे. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या एका कामगाराचा आवाज यंत्रांपुढं ओरडून पार बसला होता. मास्तरांनी त्याच्यासाठी पट्टी बरीच खाली आणली. तो ओशाळला, तसे म्हणाले, "लाजतायसा कशाला? पेटीनं माणसाचं ऐकायचं असतंय."

पुढं तो गल्लीच्या भजनात गायला लागला.

मास्तरांना एकट्यानं गाताना मात्र कुणी ऐकलं नव्हतं. एकदा मी आग्रह धरला. त्यांनी काळी एक दाबली, सोडली. पांढरी चार दाबली, तीही सोडली. बोटं सगळ्या पेटीवरनं फिरून आली.

"सगळ्यांची पट्टी ध्यानात हाय, पावणं," ते हसले. "माझी तेवढी इसरलो की."

तेवढ्यात गॅलरीतून माझ्या मुलीचा आवाज आला आणि त्यांचं बोट न बघताच तिच्या पट्टीवर जाऊन बसलं.