कपाटातून गेलेली जुनी साडी

ते प्रकरण आठवलं की आजही माझं लक्ष आधी स्वतःच्या उजव्या हाताकडे जातं. एका निर्दोष माणसाच्या अटकेच्या कागदावर सही करायला निघालेला तो हात ऐनवेळी थांबला. त्याला बरीच वर्षं झाली, तरी तो थांबला याचं मला अजून हायसं वाटतं.

माझे वडील कागद कारखान्यात कामगार होते. मला लहानपणापासून एकच ध्यास, गुन्ह्यांचा तपास करणारा अधिकारी व्हायचं. परीक्षा दिली, उपनिरीक्षक झालो, आणि पहिली काही वर्षं बंदोबस्त करण्यात अन् समन्स वाटण्यात गेली. बुऱ्हाणपूरला बदली झाल्यावर पहिला स्वतंत्र तपास हाती आला. मी नुसता उतावळा झालो होतो.

शहरातले साठीचे एक कापड दुकानदार बेपत्ता होते. 'बहादरपूरच्या शेतावर जाऊन येतो' म्हणून सकाळी स्कूटरवर निघाले, ते परतलेच नाहीत. मोबाइल घरीच, उशीखाली. तक्रार त्यांच्या थोरल्या भावाने नोंदवली होती. तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एकाने कळवलं की त्यांच्या शेतात केळीचे घड कापणाऱ्या टोळीच्या मुकादमाकडे स्कूटर लपवलेली आहे. आम्ही गेलो. अंगणात केळीच्या वाळक्या पानांखाली स्कूटर होती आणि घरात खुंटीवर तपकिरी डागांनी भरलेला सदरा.

"रक्त!" मी म्हणालो.

सोबतची हवालदार बाई फोपनारच्या शेतकरी घरातली. ती हसू दाबत म्हणाली, "सर, हा केळीचा चीक आहे. आमच्या घरी सगळ्यांचे कपडे असेच असतात."

मला राग आला. सदरा जप्त केलाच.

ठाण्यात मुकादम हात जोडून बसला. "शेठ कुठे आहेत?" मी विचारलं.

"ठीक आहेत, साहेब."

"कुठे आहेत ते सांग."

"मी जबान दिली त्यांले. दोन रोज थांबा, ते खुद येतील."

मी दरडावलं. खुनाचा गुन्हा लागेल, जन्म तुरुंगात जाईल, असं सांगितलं. तो रडायला लागला. "घरी दोन पोरी आहेत साहेब माझ्या. पण जबान दिली." पुन्हा तेच. बाहेर थोरला भाऊ दर अर्ध्या तासाने विचारत होता, अटक कधी करता? मी कागद भरायला घेतला. फक्त सही राहिली होती.

तेवढ्यात हवालदार बाई म्हणाली, "सर, घरातून काय गेलं ते काकूंना अजून कोणी विचारलंच नाही." खरं होतं. मी सगळं भावालाच विचारत होतो. दुकानदारांच्या पत्नीला बोलावलं.

त्या म्हणाल्या, "पैसा नाही, कपडे नाही. माझी एक जुनी सुती साडी तेवढी कपाटात दिसत नाही. धुऊन धुऊन विरलेली. तिचं काय काम कोणाले?"

माझ्या डोक्यात लगेच गळफास आला. मी तसं टिपूनही घेत होतो. हवालदार बाईने मात्र हळूच विचारलं, "काकू, घरात कोणाचं बाळंतपण आहे का? नव्या बाळाले कोरं कापड कुठे घालतात? आजीच्या जुन्या साडीतच घेतात ना!"

 काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पोरगी आहे माझी, खकनारले. आपल्या मनानं लग्न केलं म्हणून मोठ्या भाऊजींनी तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. तीन वर्षं झाली."

त्यांना जीपमध्ये घेऊन आम्ही थेट खकनार गाठलं. दुकानदार ओट्यावर बसले होते. मांडीवर तीच साडी, आणि साडीत तळहाताएवढा चेहरा. भावाला सुगावा लागू नये म्हणून स्कूटर मुकादमाकडे लपवून ते बसने आले होते, आणि लेकीचं बाळंतपण अवघड गेलं म्हणून थांबले होते. माझी वर्दी पाहून ते पहिलं वाक्य बोलले, "मुकादमाला काही केलं तर नाही ना?" "ठाण्यात बसवलंय, आता सोडतो," मी म्हणालो.

मग त्यांना पत्नी दिसली. "तुला सांगितलं असतं तर तू रडून भाऊसाहेबांना कळू दिलं असतंस," ते चाचरत म्हणाले.

"ते राहू द्या," काकू म्हणाल्या. "बाळ इकडे द्या."

परत आल्यावर मी तो भरलेला कागद फाडला आणि मुकादमाची माफी मागितली. शेठ सापडले, शेठाणीही तिथेच आहेत, सगळे सुखरूप आहेत, असं त्याला सांगितलं. त्याने डोळे पुसले, खांदे सैल सोडले.

आता कॉलेजांत मुलं-मुली मला विचारतात, तपास अधिकारी व्हायला काय लागतं? परीक्षा आणि धावणं त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असतं. मी म्हणतो, तुमची पक्की खात्री झाली की ज्याला कोणीच काही विचारलेलं नाही असा माणूस शोधा आणि सही करण्याआधी त्याच्यापाशी बसा. मला ते एका हवालदार बाईने शिकवलं. आणि शब्द पाळणाऱ्या माणसाचं गप्प राहणं गुन्हेगारासारखंच दिसतं, हे मुकादमाने शिकवलं.

त्या दिवशी निघताना तो दारातून मागे वळला होता. "मंग आता सांगितलं तर चालेल ना, साहेब?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो.

"शेठ खकनारले आहेत," तो म्हणाला, आणि घरी गेला.