समिती आली त्या दिवशी पंखे थांबले

बाळंतपणाच्या खोलीत मी वीस वर्षं काढली, पण पहिल्यांदा आमदार आत आलेला पाहिला, तोही बूट घालून.

पिशोरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला एका गावात आमचा सरकारी दवाखाना आहे. मी तिथली सिस्टर. घर शहरात, शहागंजच्या मागं. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचं, शनिवारी परत यायचं. मधले दिवस दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये. क्वार्टर म्हणजे एक खोली, एक नळ आणि त्या नळाला पाणी येईल ही आशा.

दवाखान्याच्या मागच्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. गाव त्यांना पंखे म्हणतं. सगळ्यात जवळचा पंखा बाळंतपणाच्या खोलीच्या खिडकीतून दिसायचा. आमच्या छताचा पंखा कधीचा बंद पडलेला, त्यामुळं बाळंतिणीची सासू घाम पुसत टेकडीकडं बघायची आणि विचारायची, "एवढा मोठा फिरतुय, त्याचं वारं हिकडं नाय का येत?"

वारं येत नव्हतं, आवाज येत होता. आषाढात वारा सुटला की घूं-फस्, घूं-फस्, दिवसभर. कंपनीचे पाहुणे यायचे ते म्हणायचे, किती शांत वाटतं, समुद्रकिनारी बसल्यासारखं. त्यांना तासाभरानं घरी जायचं असायचं. गावातल्या म्हशी सरावल्या, माणसं काही सरावली नाहीत. माझी अडचण वेगळी होती. पोटातल्या बाळाचे ठोके मी ॲल्युमिनियमच्या छोट्या भोंग्यानं ऐकते. एक टोक आईच्या पोटावर, दुसरं माझ्या कानाला. त्यात खिडकीची एक काच फुटलेली. घूं-फस्‌च्या मधून बाळाचं टिक-टिक शोधायचं म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये मनगटी घड्याळ ऐकायचं. ठोके ऐकवणारं यंत्रही होतं आमच्याकडं. खराब होऊ नये म्हणून ते कपाटात कुलूपबंद ठेवलेलं होतं.

समिती आली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका बाईचं बाळ वाटेतच गेलं. आम्ही तिला वेळेवर पुढं, शहरातल्या दवाखान्यात पाठवायचं ठरवलं होतं, पण गाडी वेळेवर आली नाही. बाई वाचली. ती घरी गेली त्या दिवशी गावातलं कुणी माझ्याशी बोललं नाही, आणि मला त्यात काही चूक वाटली नाही.

मग ग्रामपंचायतीनं अर्ज केला. पंख्यांच्या आवाजाचा अर्ज आधीच लिहून तयार होता. त्याच कागदाच्या खाली जागा उरली होती, तिथं त्यांनी बाळंतपणाच्या गाडीचं लिहिलं. कागदाची बचत झाली, पण त्यामुळं मुंबईला विधिमंडळात तो एकच विषय झाला: प्रसूतीची सुरक्षितता व पवनचक्कीचा आवाज. कुणीतरी प्रश्न विचारला. प्रश्न फिरत फिरत उत्तरासाठी आमच्याच दवाखान्यात आला. हे खरे आहे काय, असल्यास काय कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. आमचे डॉक्टर नवे, कोवळे, चष्मा सारखा पुसणारे. ते म्हणाले, "सिस्टर, यात खरं लिहायचं असतं का?"

मी म्हटलं, "सर, मला बाळंतपण येतं. हे येत नाही."

वरून तयार मसुदाच आला. त्यात होतं, "हे अंशतः खरे आहे." एखादं बाळ अंशतः कसं जातं, हे मी त्या कागदाला विचारलं. डॉक्टरांनी सही केली आणि तो वर गेला. पण त्या उत्तरानं मुंबईत समाधान झालं नाही म्हणून आमदारांची एक समितीच प्रत्यक्ष पाहणीला यायची ठरली.

त्यानंतरचे आठ दिवस दवाखान्याला लग्नघराची कळा आली. भिंतींना गुलाबी रंग दिला. रंगाऱ्यानं घाईत एका पालीलाही दिला. ती दोन दिवस गुलाबी फिरत होती. दुसऱ्या दवाखान्यातून दोन चांगल्या खाटा आणि बाळाला ऊब द्यायचं यंत्र उसनं आलं. फुटकी काच बदलली नाही, तिच्यावर माता-सुरक्षेचं पोस्टर चिकटवलं. कपाटातलं ठोक्यांचं यंत्र बाहेर काढून टेबलावर मांडलं. मी बटण दाबलं. आत सेलच नव्हते.

आमच्याकडं साफसफाईला एक खाला आहेत. माझ्या आधीपासून दवाखान्यात, कुणाला न घाबरणाऱ्या. त्यांनी फरशी पुसता पुसता विचारलं, "सिस्टर, इनो क्या देखने आ रहे? बच्चा, की पंखा?"

"दोन्ही."

"फिर एक भी नै दिखेगा," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

समिती आली त्या सकाळी मी क्वार्टरमधून बाहेर पडले आणि दोन पावलांवर थांबले. काहीतरी चुकत होतं. कोंबडी बोलली ती ऐकू आली. लांब कुणीतरी भाकरी थापत होतं ते ऐकू आलं. वर बघितलं तर टेकडीवरचे सगळे पंखे हात पसरून गप्प उभे. ऐन आषाढात, दोन वर्षांत पहिल्यांदा.

अकराच्या सुमाराला पांढऱ्या गाड्यांची रांग आली. समितीचे प्रमुख उंचेपुरे, आवाज सभेचा. त्यांच्याबरोबर तीन-चार सदस्य, त्यात एकच बाई. त्या सुती साडीत, पायांत साध्या चपला, हातात स्वतःची वही. मागं अधिकाऱ्यांचा घोळका आणि कंपनीचा एक इंजिनिअर. गावातले लोक आवाजाची तक्रार सांगायला पारावर जमले होते, ते आता एकमेकांकडं बघत उभे होते.

प्रमुखांनी कान टवकारले. "कुठाय आवाज?"

एक म्हातारे बाबा म्हणाले, "सायब, आज बंद हायेत. रोज लई असतुय."

"बंद का आहेत?"

इंजिनिअर पुढं आला. "वारा नाही, सर."

तो हे बोलत असताना अधिकाऱ्याच्या फायलीतले तीन कागद सुटले आणि पटांगणावरून पळत थेट ग्रामपंचायतीच्या पत्र्यावर गेले. दोन शिपाई त्यांच्या मागं. पारावरचा सगळा गाव हसला. प्रमुख हसले नाहीत, म्हणून अधिकारीही हसले नाहीत. वही घेतलेल्या बाईंनी मात्र काहीतरी लिहून घेतलं.

मग मंडळी दवाखान्यात आली. बाळंतपणाच्या खोलीच्या दारात मी सांगितलं, "साहेब, चपला-बूट बाहेर." प्रमुखांनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, देव जाणे. ते गुलाबी भिंतींकडं बघत थेट आत. मागून बाई सदस्य आल्या, त्या अनवाणी.

"एकंदरीत उत्तम व्यवस्था आहे," प्रमुख म्हणाले.

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. वरच्या वस्तीवरची एक पोर, पहिलं बाळंतपण, सासू तिला धरून आत आणत होती. पोरीला कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता. सासूनं समिती बघितली आणि म्हणाली, "आगं बया! एवढी माणसं कशाला बोलावली सिस्टरबाई? एकच लेकरू हाय."

"बाहेर व्हा सगळे," मी म्हटलं. समितीला म्हटलं, अधिकाऱ्यांना म्हटलं, कुणाला म्हटलं ते मलाही ठाऊक नाही. सगळे निघाले. बाई सदस्य तेवढ्या दारापाशी थांबल्या. "मी थांबले तर चालेल?" त्यांनी मला विचारलं, आणि पोरीलाही विचारलं. पोरीनं मान हलवली.

मी पोरीला खाटेवर घेतलं, भोंगा पोटावर टेकवला आणि कान लावला. आणि ऐकू आलं. टिक-टिक-टिक, स्वच्छ. मला क्षणभर इतकं बरं वाटलं की मी पुढची कळ येईपर्यंत तशीच वाकून राहिले. कळ आली. ती ओसरली आणि ठोके मंदावले. अर्धा मिनिट मोजले. पुढची कळ, पुन्हा मंद, आणि परत वेगात यायला आणखी उशीर. बाळाभोवतीच्या पाण्याला हिरवट रंग होता. बाळ आत गुदमरत होतं. इथं आमच्याच्यानं होणार नव्हतं, तिला ऑपरेशनच्या जागी न्यायला हवं होतं.

मी पोरीला डाव्या कुशीवर वळवलं, सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी चष्मा पुसला नाही, ही पहिलीच वेळ. "लगेच हलवा," ते म्हणाले. "गाडी?"

खाला दारातून बोलल्या, "गाडी गयी पिशोर कू. खाना लाने."

समितीचं जेवण पिशोरहून यायचं होतं. भांडी मोठी, म्हणून अँब्युलन्स पाठवली होती. हे कुणी ठरवलं त्याचा शोध नंतर पुष्कळ घेतला गेला. ते कुणीच ठरवलं नव्हतं म्हणे.

मी काही बोलायच्या आत बाई सदस्य बाहेर गेल्या. त्यांचा आवाज आला, "माझी गाडी दाराशी लावा. उलटी लावा, मागचं दार इकडं करून."

प्रमुख म्हणाले, "ताई, आपली बैठक आहे ना अजून."

"बैठक तुम्ही बसवा," बाई म्हणाल्या. "मी ज्यासाठी आले ते गाडीत चाललंय."

मागच्या लांब सीटवर पोर कुशीवर, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. मी खाली पायांच्या जागेत बसले, एका हातात सलाईनची बाटली वर धरून. पुढं ड्रायव्हरशेजारी आमदारबाई. डॉक्टर मागं राहिले, फोनवर शहरातल्या मोठ्या दवाखान्याला सगळं कळवत. निघताना मी कुणाची परवानगी घेतली नाही. सुचलंच नाही.

रस्ता आमच्याकडचा, तो काही समितीसाठी रंगवलेला नव्हता. प्रत्येक खड्ड्याला सासू एकेका खात्याचं नाव घेऊन शिवी देत होती. पुढं आमदार बसलीय हे तिच्या गावीही नव्हतं. एका मोठ्या खड्ड्याला तिनं अख्ख्या सरकारचाच उद्धार केला. आमदारबाई मागं न वळता म्हणाल्या, "बरोबर आहे, मावशी."

फुलंब्रीच्या अलीकडं मी पुन्हा ठोके ऐकायचा प्रयत्न केला. गाडीच्या आवाजात काही ऐकू येईना. बाईंनी गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावलं. अर्धा मिनिट मोजलं. होते. मंद होते, पण होते.

गाडी सुरू झाल्यावर त्या म्हणाल्या, "एवढासा आवाज असला तरी ऐकू येत नाही?"

मी म्हटलं, "मॅडम, आज दवाखान्यात ऐकू आलं ते तुम्ही आलात म्हणून. पंखे बंद होते. रोजच्यासारखे चालू असते तर मला हे कळायला किती वेळ लागला असता, मी सांगू शकत नाही." आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. सेल नसलेलं यंत्र, उसन्या खाटा, पोस्टरमागची काच, उन्हाळ्यातलं ते बाळ. नोकरी जाते की राहते हा विचार मनात आला होता, पण हातात सलाईनची बाटली होती आणि हात दुखत होता, त्यामुळं तो टिकला नाही.

शहरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात माणसं दारात उभीच होती. पोरीला थेट ऑपरेशनला नेलं. आम्ही तिघी बाहेर बाकावर बसलो. सासूनं कनवटीची सुपारी काढली, अर्धी मला दिली, अर्धी आमदारबाईंना. त्यांनी खाल्ली. बऱ्याच वेळानं आतली सिस्टर आली, म्हणाली, मुलगी झाली, आधी रडली नाही, मग रडली. सासू म्हणाली, "व्हय, आमच्याकडं बायका आधी इचार करत्यात." आणि मग पदर तोंडात घालून ती अशी काही रडायला लागली की मलाही आवरेना.

तिकडं उरलेल्या समितीनं जेवण केलं. अहवालात पुढं आलं की पाहणीच्या वेळी आवाज आढळून आला नाही. मला नोटीस आली, कर्तव्याचं ठिकाण विनापरवानगी का सोडलं, याची कारणे दाखवा. मी लिहिलं की माझं कर्तव्य गाडीत बसून शहराकडं निघालं होतं, म्हणून मी त्याच्या मागं गेले. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, असं लिहू नका." मग त्यांनीच खाली सही केली.

आमदारबाईंनी अहवालाला वेगळं मत जोडलं. आणि श्रावणात एक दिवस, कुणाला न कळवता, त्या एकट्याच येऊन बाळंतपणाच्या खोलीत तपासायला आलेल्या बायांच्या पोटाला माझा भोंगा लावून, ठोके शोधत तासभर बसल्या. पंखे जोरात होते. त्यानंतर सेल आले, काच आली, गाडीवर कायमचा ड्रायव्हर आला. सगळ्यात जवळच्या पंख्याचं प्रकरण अजून चालू आहे. वारा मोठा असला की कंपनी तो हळू फिरवते, असं कंपनी म्हणते. गाव म्हणतं, नाय. मला विचाराल तर काही दिवस हळू असतो, काही दिवस नसतो.

ती मुलगी दीड महिन्याची झाली तेव्हा सासू तिला लसीच्या डोसाला घेऊन आली. मी मांडीत सुई टोचली. त्या चिमुरडीनं असा सूर लावला की शेजारच्या खोलीतले डॉक्टर धावत आले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय नाय," सासू म्हणाली आणि तिला खांद्यावर टाकून थोपटू लागली. "रडू द्या. लई गोड रडतीय."