पाहुण्यांचं पाणी

पाण्याच्या दिवशी हेमलताबाईंच्या घरात कुणाला धड बोलायला फुरसत नसते. धुळ्याच्या देवपुरात नळ येतो तो आपल्या मर्जीनं. त्या रविवारीही पिंपं, कळश्या, अगदी दुधाची पातेलीसुद्धा रांगेत मांडलेली. बाईंनी नेहमीसारखा नळाचा पहिला पेला उजेडात धरला, हुंगला आणि मगच पाइप पिंपात सोडला.

"झाला का पास?" यजमान दीपकराव म्हणाले. "हिच्यापुढं यायचं म्हणजे नळालाही घाम फुटतो."

चेष्टा जुनीच. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून लागल्यापासून बाई लग्नाकार्यातही स्वतःची बाटली नेतात. धरणगावच्या माहेरी वहिनी अजून फुगते, "आमच्या घरचं पाणी वन्संना चालत नाही!" बाई हसून घेतात. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून काचेच्या ताटलीत एका रात्रीत काय काय उगवतं, हे वहिनीला सांगून तिचा घास कशाला कडू करायचा?

ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळून झालं, तेवढ्यात दार वाजलं. बेल असूनही कुणीतरी बोटांनी, हळू, थांबून थांबून वाजवत होतं.

दारात एक म्हातारा. खांद्यावर टॉवेल, आणि पाण्यानं भरलेली प्लास्टिकची बाटली लेकरासारखी छातीशी धरलेली. प्रयोगशाळेच्या वॉचमननं घर दाखवलं, म्हणाला. नाव सिंगा, शिरपूरच्या वर डोंगरपट्टीतल्या एका पाड्यावरचा.

"ताई, आमनं हापशीनं पानी चांगलं शे, असं तुम्हीच लिखेल शे ना?"

त्यानं खिशातून कागदाची घडी काढून उलगडली. हातपंपाचं पाणी पिण्यास योग्य. खाली बाईंची सही.

त्याची नात रेशमा कालपासून धुळ्याच्या दवाखान्यात होती. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. पाड्यावर आणखी पोरं आडवी झाली होती. पूर्वी घरोघरी पाणी उकळत, पण हा कागद आला आणि उकळणं थांबलं. पोरं आजारी पडली तेव्हा सगळ्यांनी तेच पाणी आणखी पाजलं, चांगलं आहे म्हणून.

बाईंनी कागद त्याला परत दिला. त्यांनी बाटली उजेडात धरली, हुंगली. पाणी निव्वळ काच.

"आबा, हे हापशीचंच ना?"

सिंगा दुखावला. "तुमना घर येवानं अन् हापशीनं पानी आनू? मळामधला बोरनं शे हाई. पाव्हनाले हापशीनं पानी कोन देस?"

बाईंचे पिठाचे हात तसेच राहिले. गावोगावचे नमुने गोळा करणारा जगदीश त्या पाड्यावर गेला होता, तेव्हाची बाटली कशी भरली, त्यांनी विचारलं.

"जगदीशभाऊ वनता, सरकारनं मानूस. बायास्नी त्यानाकरता बोरवरतून हंडा आनेल व्हता. त्यामातूनच भरी दिन्हं."

म्हणजे बाईंनी तपासलं ते पाणी चांगलंच होतं. फक्त ते पाणी पाड्यावरची पोरं पीत नव्हती.

त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. "मॅडम, अहवाल तुमचाच आहे," पलीकडून आवाज आला. "नवा नमुना हातात आल्याशिवाय हापशी कशी बंद करू?" पाड्याला सावध करायला लावलेला सिंगाच्या घरचा फोनही लागेना.

पिठावर ताट झाकून बाई उठल्या. दीपकरावांनी न विचारता गाडी काढली. सिंगाला नातीजवळ दवाखान्यात सोडून दोघांनी पाड्याची वाट धरली.

पाड्यावर पोचले तेव्हा दुपार टळत होती. मोहाच्या झाडाखाली एकही पोर खेळत नव्हतं. हापशीचा दांडा मात्र कुंई-कुंई चालू होता. तिचा ओटा मधोमध फुटलेला. भोवतालच्या काळ्या चिखलात दोन म्हशी उभ्या, आणि तो चिखल फटीतून सावकाश आत मुरत होता. पलीकडच्या घराच्या ओट्यावर एक बाई तेच पाणी मीठ-साखर घालून खाटेवरच्या पोराला पाजत होती. पोर डोळेही उघडत नव्हतं.

"नका पाजू ते!" हेमलताबाई धावल्याच. "पाणी खराब असेल. उकळून तरी द्या."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. सिंगाची बायको झेलाबाई हसली. "माय, तुमनाच कागद शे ना! त्या भिंतवर चिटकाडेल शे."

खरंच होता. शाळेच्या भिंतीवर, बाईंच्या सहीसकट. बायका "हो, उकळू" म्हणाल्या खऱ्या, पण पाहुण्याचं मन राखायला म्हणतात तशा. हापशीचा दांडा थांबला नव्हता.

बाईंनी पर्समधून एक लहान काचेची बाटली काढली. तळाशी औषधाची पट्टी. "यात पाणी भरून ठेवायचं. पाण्यात घाण असली की एका दिवसात ते काळं पडतं. माझ्या कागदावर विश्वास ठेवू नका, याच्याकडं बघा."

झेलाबाई आत गेली आणि लख्ख घासलेला तांब्या घेऊन आली. बोरचं पाणी. सगळ्याजणी बघत राहिल्या. पाहुणा पाणी नाकारतो, म्हणजे घर नाकारतो.

दीपकराव काही बोलणार तोच हेमलताबाईंनी तांब्या तोंडाला लावला. ना हुंगला, ना उजेडात धरला. कित्येक वर्षांत त्या परक्याच्या घरचं पाणी प्यायल्या नव्हत्या. निम्मा तांब्या रिकामा करून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि ती लहान बाटली पुढं केली.

झेलाबाईनं त्यात ओतायला तो तांब्याच वाकवला.

"नाही, अक्का," बाई म्हणाल्या. "पाहुण्यांचं नको. रेशमाला पाजलं, त्या माठातलं पाणी मला यात द्या."